ज्वारीच्या वाणांचे गट पाडताना: क्लस्टरिंगची सुरुवात अंतरापासून

मार्च उजाडला की आमच्या विभागात एम.एस्सी.च्या मुलामुलींची वर्दळ वाढते. रब्बी ज्वारीची काढणी-मळणी उरकलेली असते, कणसं मोजून आणि दाणे तोलून झालेले असतात, आणि एक्सेलच्या फाइलमध्ये चाळीस-पन्नास वाणांच्या ओळी भरलेल्या असतात. प्लांट ब्रीडिंगची मुलं पेनड्राइव्ह पुढे करतात आणि विचारतात, "मॅडम, क्लस्टर किती येतील?"

मी उलट विचारते, "यातले कुठले दोन वाण तुला एकमेकांच्या जवळचे वाटतात? आणि कशावरून?"

उत्तर यायला वेळ लागतो. मी कृषी विद्यापीठात सांख्यिकी शिकवते, आणि क्लस्टरिंग शिकायचं तर सुरुवात या दुसऱ्या प्रश्नापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. डेटा मायनिंगची पुस्तकं आणि यूट्यूबवरची व्याख्यानं बहुतेक थेट के-मीन्स या गट पाडायच्या लोकप्रिय पद्धतीला हात घालतात. मग विद्यार्थ्याला वाटतं की गट पाडायचं काम अल्गोरिदम करतो. खरं तर अर्ध्याहून अधिक काम त्याआधीच झालेलं असतं, 'जवळ' कशाला म्हणायचं हे आपण ठरवतो तेव्हा. ते ठरवताना लक्ष दिलं नाही, तर पुढचा कितीही भारी अल्गोरिदम उपयोगाचा नाही.

आधी थोडक्यात, क्लस्टरिंग म्हणजे काय. समजा आपल्याकडे हजार रोपांची पानं आहेत आणि प्रत्येकावर 'तांबेरा आहे' किंवा 'नाही' असं तज्ज्ञाने लिहून दिलंय. त्यावरून नवीन पान ओळखायचं असेल तर ते वर्गीकरण. तिथे उत्तरं हातात असतात, आपण ती कशी आली ते शिकतो. क्लस्टरिंगमध्ये उत्तरं कुणीच दिलेली नसतात. समोर फक्त मोजमापं असतात, आणि आपण विचारतो: यात आपसूक गट पडलेले दिसतात का? एका गटातली निरीक्षणं आपापसांत सारखी आणि दुसऱ्या गटापेक्षा वेगळी, असं काही आहे का? ग्राहक, रुग्ण, उपग्रहाच्या चित्रातले ठिपके, ज्वारीचे वाण, कशावरही हा प्रश्न विचारता येतो. चूक-बरोबर सांगणारं कुणी नसल्यामुळे जबाबदारी मात्र पूर्णपणे आपल्यावर येते.

आता अंतराकडे येऊ. फळ्यावर मी नेहमी तीन काल्पनिक वाण घेते. 'अ' ७० दिवसांत ५० टक्के फुलोऱ्यात येतो, उंची २२० सेंटिमीटर, शंभर दाण्यांचं वजन ३.२ ग्रॅम. 'ब' ७१ दिवसांत, उंची १९०, वजन ३.३. 'क' ८४ दिवसांत, उंची २१५, वजन ३.९. शाळेतल्या भूमितीसारखं सरळ रेषेतलं अंतर काढायचं: प्रत्येक गुणधर्मातला फरक, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, मग वर्गमूळ. 'अ' आणि 'ब' यांच्यातलं अंतर येतं साधारण ३०. 'अ' आणि 'क' यांच्यातलं १५. म्हणजे 'अ'चा जवळचा सोबती 'क' ठरला.

शेतात ज्वारी पाहिलेला कुणीही माणूस हे मान्य करणार नाही. 'क' दोन आठवडे उशिरा निसवतो, त्याचा दाणा टपोरा आहे. हलक्या जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवर वाढणाऱ्या ज्वारीत दोन आठवड्यांचा उशीर म्हणजे दाणा भरायच्या वेळी जमीन भेगाळलेली. 'अ' आणि 'ब' यांत फरक आहे तो फक्त उंचीचा.

मग मी सांगते, उंची सेंटिमीटरऐवजी मीटरमध्ये लिहा. २२० चे २.२० झाले, १९० चे १.९०. पुन्हा अंतर काढलं की 'अ-ब' १.०५ आणि 'अ-क' १४ च्या आसपास. पीक तेच, शेत तेच, फक्त एकक बदललं आणि जवळचा-लांबचा उलटला! या क्षणी वर्गात चुळबुळ होते, आणि मला ती हवी असते. एककावर अवलंबून असणारं उत्तर हे ज्वारीबद्दलचं उत्तर नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक गुणधर्माला त्याच्या स्वतःच्या विखुरलेपणाने भागायचं. फुलोऱ्याचे दिवस वाणावाणांत साधारण ५ ने इकडेतिकडे होतात, उंची २० सेंटिमीटरने, दाण्याचं वजन ०.३ ग्रॅमने, असं धरू. मग 'अ-ब' अंतर येतं १.५५ आणि 'अ-क' ३.६५. आता आकडे शेताशी जुळतात. याला स्टँडर्डायझेशन म्हणतात आणि ते न करता क्लस्टरिंगला बसू नये. अपवाद आहेत. सगळे गुणधर्म एकाच एककात असतील आणि त्यांच्या लहान-मोठेपणाला अर्थ असेल, तर भागाकार उलट नुकसान करतो. पण तसा डेटा माझ्याकडे क्वचित येतो.

इथे थांबलं तरी बरंच साधलं. पण ज्वारीच्या फाइलमध्ये आणखी एक गुंता असतो. कणसाची लांबी, कणसाची रुंदी, कणसातल्या दाण्यांची संख्या, दर झाडाचं धान्य उत्पादन असे चार रकाने असतात, आणि चारही बऱ्याच अंशी एकच गोष्ट सांगतात: कणीस मोठं आहे. सरळ अंतरात ही एकच गोष्ट चार वेळा मोजली जाते. फुलोऱ्याचा रकाना मात्र एकच. म्हणजे नकळत आपण कणसाच्या आकाराला चौपट मत दिलं.

या गुंत्याचं उत्तर भारतात सापडलेलं आहे, आणि त्याचा एक धागा नागपूरशी जोडलेला आहे. १९२० मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. तिथे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक नेल्सन ॲनंडेल यांची गाठ पडली. ॲनंडेल यांच्याकडे कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन माणसांच्या शरीराची मोजमापं जमलेली होती. त्यांनी ती महालनोबिसांना तपासायला दिली. त्यातून १९२२ मध्ये पहिला लेख आला, आणि दोन समूहांतलं अंतर मोजायचं कसं हा प्रश्न महालनोबिसांच्या डोक्यात घर करून बसला. १९३१ मध्ये त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९३६ मध्ये त्यांचा अंतरावरचा प्रसिद्ध लेख आला. जगभर आज त्याला महालनोबिस अंतर म्हणतात. आमच्याकडची मुलं 'डी-स्क्वेअर' म्हणतात.

माणसांची डोकी आणि नाकं मोजून जाती-वंशांचे गट पाडायचे, हा त्या काळच्या वसाहती मानववंशशास्त्राचा उद्योग होता, आणि त्यामागच्या कल्पना आज टिकत नाहीत. हे मी वर्गात स्पष्ट सांगते. पण त्या कामातून निघालेली मोजपट्टी मोलाची आहे, आणि ज्वारी, हरभरा, करडई यांच्या शेतात तिचा फार चांगला उपयोग झाला आहे.

या मोजपट्टीचं वैशिष्ट्य असं. ती प्रत्येक गुणधर्माचा विखुरलेपणा लक्षात घेतेच, शिवाय कोणते गुणधर्म एकमेकांबरोबर हलतात तेही लक्षात घेते. लांब कणीस सहसा वजनदार असतं. त्यामुळे एखादा वाण लांबही आहे आणि वजनदारही आहे, तर त्यात फारसं नवल नाही. अंतर थोडंच वाढतं. पण कणीस लांब आणि तरी हलकं, असा वाण या मोजपट्टीवर पुष्कळ दूर जातो. पैदासकाराची नजर नेमकी अशाच वाणावर थबकते. चार रकान्यांत चार वेळा आलेली एकच गोष्ट इथे एकदाच मोजली जाते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमांत तो सहसा येत नाही. महालनोबिस अंतरासाठी 'नेहमीचा चढउतार किती' हे कळावं लागतं. ते आणायचं कुठून? शेतातल्या प्रयोगात ते आपोआप मिळतं. रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन या प्रयोगाच्या आराखड्यात प्रत्येक वाण दोन किंवा तीन रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे तितक्या वेगवेगळ्या प्लॉटमध्ये, पेरलेला असतो. एकाच वाणाच्या तीन प्लॉटमध्ये जो फरक दिसतो तो वाणाचा नसतो. तो जमिनीच्या खोलीचा, ओलीचा, मोजणाऱ्याच्या हाताचा असतो. तीच आपली मोजपट्टी. दोन वाणांतला फरक या फरकाच्या कितीतरी पट असेल तर ते खरोखर लांबचे.

ग्राहकांच्या किंवा बँकखात्यांच्या डेटात अशी रेप्लिकेशन नसतात. प्रत्येक ग्राहक एकदाच दिसतो. मग काही जण संपूर्ण डेटाचाच व्हेरियन्स-कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (गुणधर्मांचा विखुरलेपणा आणि एकमेकांबरोबर हलणं यांचा तक्ता) घेऊन महालनोबिस अंतर काढतात. इथे मोठा धोका आहे. समजा डेटात दोन स्पष्ट गट आहेत आणि ते एका दिशेने एकमेकांपासून लांब आहेत. संपूर्ण डेटाच्या मॅट्रिक्सला वाटतं की या दिशेला नेहमीच इतका पसारा असतो, आणि तो त्या दिशेलाच आक्रसून टाकतो. जे गट शोधायचे होते तेच पुसट होतात. म्हणून 'महालनोबिस वापरलं' एवढ्यावर मी समाधान मानत नाही. कुठल्या मॅट्रिक्सने वापरलं ते थिसिसमध्ये लिहायला लावते.

अंतरांचा तक्ता हाती आला की गट पाडायचे. आपल्या देशातल्या पीक पैदास विभागांत यासाठी टोचरची पद्धत रूढ आहे. सी. आर. राव यांनी १९५२ च्या आपल्या पुस्तकात ती दिली, आणि तेव्हापासून आमच्याकडच्या थिसिसच्या पिढ्या तिच्यावर उभ्या आहेत. पद्धत हाताने करता येण्यासारखी आहे. सगळ्या तक्त्यात सर्वांत जवळची जोडी शोधा. तिच्याशी सरासरीने सर्वांत जवळ असलेला तिसरा वाण त्यांत घ्या. मग चौथा. नवा वाण घेतल्यावर सरासरी अंतर एकदम उडी मारायला लागलं की गट बंद करा. उरलेल्यांत पुन्हा जवळची जोडी शोधा.

या पद्धतीचा निकाल नेहमी ओळखीचा दिसतो: पहिल्या क्लस्टरमध्ये पंचवीस-तीस वाण, दुसऱ्यात दोन-चार, आणि पुढचे सगळे एकेकटे. विद्यार्थी तो तसाच छापतात. पण असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. गट कधी बंद करायचा याची मर्यादा प्रचलित आवृत्तीत अशी काढतात: प्रत्येक वाणाला त्याचा सर्वांत जवळचा शेजारी किती लांब आहे ते पाहायचं, आणि त्या सगळ्या आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा मर्यादा म्हणून घ्यायचा. आता संग्रहात एकच वाण सगळ्यांपासून फटकून असेल, समजा फार ठेंगणा आणि फार लवकर येणारा, तर त्याचा जवळचा शेजारीसुद्धा खूप लांब असतो. त्या एकट्यामुळे मर्यादा सैल होते आणि पहिला गट वाटेल त्याला पोटात घेत सुटतो. असा वाण बाजूला काढून पुन्हा एकदा पद्धत चालवावी. निकाल किती बदलतो ते पाहिल्यावरच पहिल्या क्लस्टरच्या आकाराबद्दल लिहावं.

या थिसिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: भौगोलिक विविधता आणि जनुकीय विविधता यांचा थेट संबंध आढळला नाही. खरं आहे ते, पण कारण लिहिलेलं नसतं. रब्बी ज्वारीत कारण स्पष्ट आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ गेली कित्येक दशकं सोलापूर, नगर, मराठवाडा, उत्तर कर्नाटक अशा सगळ्या पट्ट्यात पेरली जाते आहे, आणि नंतरच्या अनेक वाणांच्या वंशावळीत ती आहे. बियाणं बाजारातून, पाहुण्यांकडून, संशोधन केंद्रांच्या देवाणघेवाणीतून फिरतं. परभणीहून आलेला वाण आणि राहुरीहून आलेला वाण एका क्लस्टरमध्ये पडले तर मला आश्चर्य वाटत नाही. आजी एकच असू शकते.

टोचरबरोबर, किंवा त्याऐवजी, श्रेणीबद्ध क्लस्टरिंग करतात. सुरुवातीला प्रत्येक वाण स्वतंत्र. सर्वांत जवळचे दोन जोडा, मग पुढचे दोन, असं करत सगळे एकाच खोडाला मिळेपर्यंत. त्याचं चित्र म्हणजे डेंड्रोग्राम. जोडताना प्रश्न येतो की दोन गटांतलं अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं. दोन्हींतल्या सर्वांत जवळच्या सदस्यांमधलं घेतलं तर ते सिंगल लिंकेज. यात साखळी तयार होते, 'अ'ला 'ब' जवळ, 'ब'ला 'क' जवळ, आणि शेवटी 'अ' आणि 'ह' एकाच गटात, दोघांत काही साम्य नसताना. सर्वांत लांबच्या सदस्यांमधलं घेतलं तर कम्प्लीट लिंकेज, गट आटोपशीर. सगळ्या जोड्यांची सरासरी घेतली तर १९५८ ची सोकल-मिचनर पद्धत. आणि १९६३ ची वॉर्डची पद्धत जोडताना बघते की कुठली जोडी केल्याने गटांतर्गत विखुरलेपणा सर्वांत कमी वाढेल. मी वाणांसाठी सरासरी आणि वॉर्ड दोन्ही काढायला सांगते आणि दोन्ही झाडं शेजारी ठेवून बघते. दोन्हीकडे एकत्र राहणारे वाण पक्के सोबती.

या पद्धतीने झालेलं एक मोठं काम मुलांना मी आवर्जून सांगते. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेची जनुकपेढी आहे. ज्वारीचे हजारो नमुने तिथे जपलेले आहेत. एवढे नमुने कुठलाच पैदासकार दरवर्षी पेरून पाहू शकत नाही. म्हणून २२,४७३ नमुन्यांतून २,२४७ चा गाभा-संग्रह निवडलेला होता. त्याचे २१ गुणधर्म शेतात मोजले, श्रेणीबद्ध क्लस्टरिंगने २१ गट पाडले, आणि प्रत्येक गटातून सुमारे १० टक्के, निदान एक तरी, असे नमुने उचलून २४२ चा छोटा संग्रह तयार केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एखाद्या संशोधकाला खोडमाशीला किंवा अवर्षणाला टिकणारी ज्वारी शोधायची असेल तर तो आता २४२ पासून सुरुवात करू शकतो. क्लस्टरिंगचा इतका थेट उपयोग मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

श्रेणीबद्ध पद्धतीला एक मर्यादा आहे. तिला प्रत्येक जोडीचं अंतर लागतं. ४० वाणांच्या ७८० जोड्या होतात, काहीच नाही. पण १ लाख ग्राहक असतील तर जोड्या जवळपास ५०० कोटी. तिथे के-मीन्स लागतं.

के-मीन्सची कल्पना बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट लॉईड यांनी १९५७ मध्ये एका अंतर्गत टिपणात लिहिली. त्यांना टेलिफोनच्या संदेशाचा सतत बदलणारा आवाज मोजक्या पातळ्यांत बसवायचा होता. ते टिपण छापून आलं थेट १९८२ मध्ये. दरम्यान १९६७ मध्ये जेम्स मॅक्वीन यांनी 'के-मीन्स' हे नाव दिलं. पद्धत अशी: आपण आधीच गटांची संख्या सांगायची, समजा ३. तीन मध्यबिंदू कुठेतरी ठेवायचे. प्रत्येक निरीक्षण जवळच्या मध्यबिंदूकडे जातं. मग प्रत्येक गटाची सरासरी काढून मध्यबिंदू तिथे हलवायचा. पुन्हा वाटणी, पुन्हा सरासरी, काही हलेनासं होईपर्यंत. वेगवान आहे, समजायला सोपी आहे. पण सुरुवातीचे मध्यबिंदू कुठे पडले यावर निकाल बदलू शकतो. म्हणून आर या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवताना 'एन-स्टार्ट' (किती वेळा नव्या बिंदूंपासून सुरुवात करायची तो आकडा) २५ तरी द्यावं. २००७ मध्ये आलेलं के-मीन्स-प्लस-प्लस सुरुवातीचे बिंदू मुद्दाम एकमेकांपासून लांब निवडतं, त्याने बराच फरक पडतो.

के-मीन्स काय चुकवतं हे बघायला आयरिसच्या फुलांचा डेटा उत्तम. एडगर अँडरसन यांनी गोळा केलेला, संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ मध्ये वापरलेला. महालनोबिसांचा लेखही त्याच वर्षीचा. तीन प्रजाती, प्रत्येकीची ५० फुलं, पाकळ्या आणि निदलांची लांबी-रुंदी. प्रजातीचा रकाना झाकून ३ गट मागितले की त्यातल्या सेटोसा या प्रजातीची ५० च्या ५० फुलं वेगळी निघतात. उरलेल्या दोन प्रजाती मात्र एकमेकांत मिसळतात: मूळ सेंटिमीटरमधल्या आकड्यांवर १६ फुलं चुकीच्या गटात जातात. कारण त्या दोन प्रजातींचे ढग लांबुळके आणि एकमेकांवर आलेले आहेत, आणि के-मीन्स सगळ्या दिशांना सारखंच अंतर मोजत गोल गट शोधतं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. किती गट योग्य हे सांगणारा सिल्हूट निर्देशांक इथे ३ गटांना ०.५५ गुण देतो आणि २ गटांना ०.६८. म्हणजे प्रजाती तीन आहेत हे आपल्याला माहीत असूनही मोजमापं दोनच गट सांगतात. निर्देशांकाचं काही चुकलं नाही. या चार मोजमापांत दिसण्यासारखे गट दोनच आहेत, एवढंच तो म्हणतो. एल्बोचा आलेख (गटांची संख्या ठरवायची आणखी एक युक्ती) असो की सिल्हूट, त्यांना सल्लागार मानावं, निर्णय आपण घ्यावा.

घनतेवर चालणारी डीबीस्कॅन ही पद्धत म्युनिकच्या एस्टर, क्रीगेल, सँडर आणि शू यांनी १९९६ मध्ये मांडली. वाणांच्या तक्त्यांसाठी मी ती वापरत नाही. ४० बिंदूंत घनता कसली मोजणार? पण नकाशावरच्या बिंदूंसाठी ती मला फार आवडते. लष्करी अळीचं उदाहरण घ्या. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी आमच्या सोलापूर भागात येऊन पोचली. समजा प्रादुर्भाव दिसलेल्या प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश आपल्याकडे आहेत. डीबीस्कॅनला दोनच गोष्टी सांगायच्या: किती अंतराच्या वर्तुळात पाहायचं, आणि त्यात निदान किती शेतं असली तर ते दाट म्हणायचं. समजा २ किलोमीटर आणि ५ शेतं. दाट भाग एकमेकांना जोडत जातात, त्यामुळे नदीकाठाने पसरलेला लांबडा पट्टासुद्धा एकच गट म्हणून ओळखला जातो. के-मीन्सने त्याचे तीन-चार तुकडे केले असते. आणि जी शेतं कुठल्याच दाट भागात नाहीत, त्यांना ही पद्धत जबरदस्तीने कुठल्याही गटात कोंबत नाही. ती वेगळी ठेवते. कीड-सर्वेक्षणात असं एकटं पडलेलं शेत महत्त्वाचं असतं. नवा प्रादुर्भाव तिथून सुरू होत असेल.

कुठलीही पद्धत वापरा, ती गट देणारच, डेटात गट असोत वा नसोत. हे पटवायला मी मुलांना रँडम आकड्यांचा तक्ता तयार करायला सांगते, खऱ्या डेटाइतक्याच ओळी आणि रकाने. त्यावर तीच पद्धत चालवायची. सुबक डेंड्रोग्राम निघतो, पाच रंगांत. मग खऱ्या डेटाचा डेंड्रोग्राम शेजारी ठेवायचा आणि विचारायचं, यात त्याहून जास्त काय आहे? उत्तर देता आलं तर पुढे जायचं. दुसरी तपासणी म्हणजे एकेक गुणधर्म वगळून पाहणं. उंची काढली आणि सगळे गट कोसळले, तर आपण फक्त उंचीचे गट पाडले होते. आणि शक्य असेल तर दोन हंगामांचे आकडे वेगवेगळे चालवावेत. एका वर्षी चांगला पाऊस, दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊसच नाही, अशा दोन्ही वर्षी जे वाण एकत्र राहतात त्यांच्यावर माझा विश्वास बसतो.

आमच्या पैदास विभागातले एक सर मला नेहमी म्हणतात, "मॅडम, मला क्लस्टर नकोत, कुणाचा कुणाशी संकर करू तेवढं सांगा." त्यांचं म्हणणं रास्त आहे. क्लस्टरिंगचा शेवट एका निर्णयात व्हायला हवा. प्रचलित सल्ला असा, की लांबच्या क्लस्टरमधले पालक घ्या, म्हणजे पुढच्या पिढीत जास्त विविधता मिळेल. मी त्यात दोन अटी घालते. दोन्ही पालक स्वतः चांगले हवेत. लांबचा पण कमी उत्पादन देणारा वाण फक्त अंतरासाठी घेऊ नये. आणि अंतर कुठल्या गुणधर्मामुळे पडलं ते आधी पाहावं. दोघांतलं सगळं अंतर उंचीमुळे असेल आणि आपल्याला हवा आहे टपोरा दाणा, तर त्या संकराचा काय उपयोग?

इथून मी पुन्हा 'जवळचे कशावरून?' या माझ्या सुरुवातीच्या प्रश्नापाशी येते, आणि ज्वारीत तो फार खरा आहे. सोलापूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी ज्वारी पेरतो ती भाकरीसाठी आणि तितकीच कडब्यासाठी. दुष्काळी वर्षात कडब्याच्या पेंढीचा भाव ऐकला की कळतं, जनावरं असलेल्या घरात दुसरं पीक कुठलं महत्त्वाचं. आता फाइलमध्ये धान्याचे सात रकाने आणि कडब्याचा एकच असेल, तर निघणारे क्लस्टर धान्याचे असतील. तेच वाण घेऊन कडब्याचं उत्पादन, पानांची संख्या, खोडाची जाडी, पानं हिरवी राहण्याचे दिवस असे गुणधर्म घातले तर गट वेगळे पडतील. ज्वारीचे वाणच पाहा: फुले उत्तरा हुरड्यासाठी, फुले पंचमी लाह्यांसाठी. या दोघी धान्याच्या रकान्यांत कुठे बसतील ते बसोत, हुरड्याची गोडी आणि लाही फुलण्याचं प्रमाण मोजलंच नसेल तर त्यांचं वेगळेपण कुठल्याच अल्गोरिदमला दिसणार नाही. फुले अनुराधा हलक्या जमिनीसाठी शिफारस केलेली, फुले वसुधा भारी जमिनीसाठी. दोन्ही एकाच भारी जमिनीच्या प्रयोगात पेरून पाडलेले गट हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला काय सांगणार? म्हणून थिसिसचा आराखडा ठरताना, पेरणीच्या आधी, मुलांनी माझ्याकडे यावं अशी माझी विनंती असते. मार्चपर्यंत रकाने ठरून गेलेले असतात.

एक शेवटचा प्रश्न, जो या वर्षी एका मुलीने विचारला. दाण्याचा रंग, कुसळ आहे की नाही, कणीस घट्ट की मोकळं, असे गुणधर्म आकड्यांत मोजता येत नाहीत. त्यांना १, २, ३ असे क्रमांक देऊन सरळ अंतरात घालावेत का? नाही. पांढऱ्या दाण्याला १, पिवळ्याला २, लालला ३ दिले की लाल हा पांढऱ्यापासून पिवळ्याच्या दुप्पट लांब होतो, आणि त्याला काही आधार नाही. यासाठी जॉन गॉवर यांनी १९७१ मध्ये दिलेला निर्देशांक वापरावा. तो आकड्यांच्या रकान्यांत फरकाला त्या रकान्याच्या पूर्ण पल्ल्याने भागतो, रंगासारख्या रकान्यांत फक्त 'सारखा की वेगळा' एवढंच बघतो, आणि सगळ्यांची सरासरी घेतो. एखाद्या वाणाचा एखादा आकडा नोंदवायचा राहिला असेल तर तेवढा रकाना त्या जोडीपुरता वगळतो. आरमध्ये 'क्लस्टर' पॅकेजमधलं 'डेझी' हे फंक्शन हे काम करतं. रंगाचा रकाना आधी फॅक्टर (आकडा नसून प्रकार आहे असं आरला सांगणारा रकाना) करून घ्या, आणि आलेला अंतरांचा तक्ता सरासरी लिंकेजला द्या.